गुळव्याचा निकाल

करवीरवासीयांनो, एक गंभीर वार्ता ऐका: आमच्या गुऱ्हाळाचा गुळव्या एकदा बिअर प्याला.

नुसत्या वासावर गूळ पारखणाऱ्या या माणसानं दुसऱ्याच्या हातच्या कशालाही कधी चांगलं म्हटलं नव्हतं. साखर कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या जर्मन पाहुण्यानं मोठ्या आशेनं त्याच्यापुढे बाटली उघडली. बिअर पाहुण्याच्या वडिलांनी स्वतः गाळलेली. पाहुण्यानं ती पेल्यात ओतून वर चार बोटं फेस आणला; त्यांच्याकडे बिअरची पारख फेसावरच. गुळव्यानं चमचा मागितला आणि काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसावरची मळी काढावी तसा सगळा फेस निगुतीनं काढून टाकला. पाहुण्यानं कपाळाला हात लावला.

गुळव्या प्याला, थांबला, पुन्हा प्याला. रिकामा पेला पुढे सरकवत गुळव्या म्हणाला, "नासलंय की ह्ये, पावणं. वता अजून."