दोन्ही बाजूंनी तपासलेली गाडी

मंदार गेला तेव्हा मी गाडीत होतो. शिकागोहून नेपरव्हिलला येणारी संध्याकाळची नेहमीची गाडी, वरच्या मजल्यावरची एकेरी सीट. त्याच्या बायकोचा, ऋतुजाचा फोन आला. "दादा, उतरलात की सरळ इकडेच या," एवढंच ती म्हणाली. फोन मात्र ठेवला नाही. तिच्या मागे रेडिओची खरखर ऐकू येत होती. मी काही विचारलं नाही, कारण शेवटच्या दिवसांत घरी येणाऱ्या हॉस्पिसच्या नर्सनं सकाळीच "आज किंवा उद्या" असं सांगितलं होतं. मंदार माझा धाकटा भाऊ. एकोणचाळीस वर्षांचा. त्याचं घर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ, रुळांना लागून. मी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं आणि त्याची सहा वर्षांची मुलगी ईरा खिडकीपाशी स्टुलावर स्कॅनर मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "काका, आय हर्ड युअर ट्रेन. नो डिफेक्ट्स." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आतल्या खोलीत गेलो...

हा स्कॅनर म्हणजे हातात मावणारा, आखूड एरियलचा एक काळा रेडिओ. रेल्वेचे ड्रायव्हर आणि कंट्रोल रूम आपसात जे बोलतात ते त्यावर ऐकू येतं. मंदारनं तो घेतला तेव्हा ईरा तीन वर्षांची होती आणि गाडीच्या भोंग्याला प्रचंड घाबरायची. भोंगा झाला की जेवत असेल तर तोंडातला घास टाकून टेबलाखाली शिरायची. रुळांजवळ भाडं कमी म्हणून घेतलेलं घर, दिवसभर गाड्यांची ये-जा, त्यामुळे ऋतुजा रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, घर बदला. मंदार म्हणाला, "घर कशाला बदलायचं दादा? तिला भोंग्याची भीती नाहीये. तो अचानक होतो, त्याची भीती आहे. आधी कळलं की नाही वाटणार." मग हे यंत्र आलं. मला ते पटलं नव्हतं. "एवढ्याशा पोरीला पोलिसांचे रेडिओ ऐकवतोस?" मी म्हणालो. "पोलिसांचे नाही रे, रेल्वेचे. कुणालाही ऐकता येतात. आणि ह्याला नुसते कान आहेत, तोंड नाही. तुझ्या उलट."

तर युक्ती अशी होती. गावाच्या थोडं अलीकडे रुळांच्या कडेला एक डिटेक्टर बसवलेला आहे. गाडी त्याच्यावरून गेली की कुठलं चाक तापलंय का, काही लोंबतंय का हे तो आपोआप तपासतो आणि लगेच रेडिओवर एका सपाट आवाजात सांगतो: नो डिफेक्ट्स. मग गाडीला एकूण किती अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांच्या किती जोड्या होत्या, तो आकडा. हे ऐकू आलं की काही मिनिटांत गाडी घरासमोर येणार. मंदार ईराला म्हणायचा, "ऐकलंस? येतेय. कानावर हात ठेव, तयार राहा." दोन महिन्यांत ती टेबलाखाली जायची थांबली. चार महिन्यांनी ती गाडीची वाट बघायला लागली. मंदार सॉफ्टवेअर टेस्टर होता, 'डिफेक्ट' हा त्याचा ऑफिसातला रोजचा शब्द. घरी तोच शब्द पोरीच्या तोंडी बसला. भाजीत मीठ कमी पडलं तर ती आईला सांगायची, "डिफेक्ट आहे."

मग रविवार सकाळचा नेम सुरू झाला. बाप-लेक प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर, आणि बऱ्याचदा मीही, कारण माझी बायको मीनल त्या वेळी मराठी शाळेत शिकवायला जाते आणि मला घरात एकटं करमत नाही. मी विमा कंपनीत माणसं किती जगतील याची आकडेमोड करतो, तेव्हा मला त्यातला हिशेब आवडायला लागला. ईरा डबे मोजायची, मंदार चारनं गुणायचा, इंजिनांचे सहा-सहा मिळवायचा, आणि डिटेक्टरनं सांगितलेल्या आकड्याशी ताळा करायचा. कोळशाच्या गाडीचा हिशेब सगळ्यात सोपा, सगळे डबे एकसारखे. एकदा डिटेक्टर म्हणाला पाचशे तीस. ईराचे डबे झाले एकशे सत्तावीस, इंजिनं तीन. मी म्हटलं, चार कमी पडतात. ती रडवेली झाली. मंदार तिला म्हणाला, "काकाकडे लक्ष देऊ नको. तुझी पापणी लवली ना, तेवढ्यात एक डबा गेला." त्यानंतर मालगाडी आली की ती दोन बोटांनी स्वतःच्या पापण्या उघड्या धरून मोजायची. प्लॅटफॉर्मवरचे लोक बघत राहायचे.

त्यातला एक रविवार मला इथे सविस्तर सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बर्फ पडून गेलेलं होतं. डिटेक्टरनं नेहमीच्याच आवाजात सांगितलं की डिफेक्ट आहे, आणि कितव्या अ‍ॅक्सलला ते सांगितलं. येणारी मालगाडी हळू होत होत आमच्यासमोर थांबली. इंजिनातून कंडक्टर, म्हणजे मालगाडीचा गार्ड, उतरला आणि गाडीच्या कडेकडेनं बर्फातून चालत निघाला. पार दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं तो दुसऱ्या बाजूनं परत येताना डब्यांच्या फटींतून दिसला. नियमच आहे तसा, गाडी दोन्ही बाजूंनी तपासायची. एक चाक तापलेलं निघालं. तो डबा त्यांनी सोडवला, पुढच्या साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, नेऊन ठेवला, आणि बाकीची गाडी घेऊन निघून गेले. तो एकटा डबा बघून ईराचा चेहरा उतरला. "बाबा, व्हॉट अबाउट हिम?" मंदार म्हणाला, "त्याला दुरुस्त करतील आणि इंजिन येऊन घेऊन जाईल." पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम बघायला गेलो. साइडिंग रिकामं होतं. ईरानं रिकाम्या रुळांना टाटा केला.

पुढच्या वर्षी मंदारची पाठ दुखायला लागली. खुर्ची बदलली, गादी बदलली, फिजिओथेरपी झाली. मग स्कॅन झाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, आणि मीनलनं केलेला चहा तसाच ठेवून म्हणाला, "दादा, तू तर हेच काम करतोस. तुझ्या टेबलात माझा नंबर काय येतो रे?" मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "राहू दे," तो म्हणाला, "तोंडावरनं कळला."

त्याला काळजी एकच होती, ईराला कसं सांगायचं. भोंग्याच्या वेळचंच तत्त्व त्यानं धरलं. आधी कळलं की भीती वाटत नाही. केमो सुरू व्हायच्या आधी त्यानं तिला जवळ घेऊन सांगितलं, "बाबा डिटेक्टरवरून गेला. डिफेक्ट निघाला. आता डॉक्टर लोक दोन्ही बाजूंनी चालत जाऊन बघणार." तिला ते ताबडतोब समजलं. केस गेले तेव्हा ती घाबरली नाही. उलट्या व्हायच्या तेव्हा पलंगाशेजारी भांडं धरून उभी राहायची. ऋतुजा मला म्हणाली, "दादा, मला ह्या दोघांकडे बघून हिंमत येते." मलाही वाटलं, आजवर मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं समजावणं आहे. शेवटी केमो थांबवली, हॉस्पिसचा पलंग त्याच्या खोलीत आला, तेव्हा त्यानं पुढचंही सांगितलं. "ईरू, आता गाडी पुढे जाणार. बाबाचा डबा साइडिंगला ठेवणार." तिनं मान हलवली. तो शांत झाला. मला वाटतं त्याला समाधान वाटलं की हेही काम नीट झालं... आम्ही तिघं मोठी माणसं त्या खोलीत होतो. रिकामं साइडिंग मंदारनं आणि मी पाहिलं होतं, ऋतुजानं त्याबद्दल ऐकलं होतं. आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हिला साइडिंग म्हणजे काय वाटतं.

ते आम्हाला कळलं तिसऱ्या आठवड्यात. दिवसकार्य उरकलं होतं आणि ऋतुजाच्या सामानाची खोकी भरायला सुरुवात झाली होती. तिचा इथला मुक्काम मंदारच्या नोकरीच्या व्हिसावर होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत ते इतकी वर्षं होते, पण ती रांग त्याच्या नावाची होती. मी तीन वकिलांना भेटलो. मी नागरिक आहे, पण भावाच्या विधवेसाठी अर्ज करण्याची सोयच कायद्यात नाही. कॉलेजात नाव घालायचं, दुसरी नोकरी शोधायची, प्रत्येक वाट मी शेवटपर्यंत मोजून पाहिली. हातात असलेल्या दिवसांत एकही बसत नव्हती. ईरा इथे जन्मलेली, म्हणजे तिला राहता येतं, तिच्या आईला नाही. एका वकिलानं सुचवलं की मुलगी तुमच्याकडे ठेवा. मी ते घरी येऊन सांगितलं. ऋतुजानं खोक्याला टेप लावता लावता माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही. नागपूरला तिच्या आईकडे जायचं ठरलं.

ईरानं जायला साफ नकार दिला. खोकी भरली की ती रिकामी करायची. चिडायची नाही, रडायची नाही, नेमानं रिकामी करायची. मीनलनं विचारलं, "राणी, आजीकडे जायला आवडत नाही का?" तर म्हणाली, "आवडतं काकू. बट बाबा विल कम बॅक हिअर. ते त्याला फिक्स करून इथेच आणणार ना? हाऊ विल ही नो वी मूव्ह्ड?" मीनल उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ पाण्याचा नळ वाहत राहिला. तेव्हा समजलं की ही पोरगी इतके दिवस खिडकीत बसून कशाची वाट बघत होती.

ऋतुजा म्हणाली, "मी नाही सांगू शकत. मंदारनं सांगितलेलं मी खोटं कसं पाडू?" मग ते माझ्याकडे आलं. रविवारी मी तिला त्याच बाकावर नेलं. स्कॅनर आमच्या दोघांच्या मध्ये होता. मला गोष्टी रचून सांगता येत नाहीत, आणि रचलेल्या गोष्टीनंच हे झालं होतं. मी म्हणालो, "ईरा, बाबा मेला. माणूस मेला की दुरुस्त होत नाही. बाबाला आणायला इंजिन येणार नाही. इथे नाही, नागपूरला नाही, कुठेच नाही."

ती रुळांकडे बघत होती. "डिड दे वॉक द होल ट्रेन?"

"हो. पूर्ण."

"बोथ साइड्स?"

"दोन्ही बाजूंनी."

"तू पाहिलंस?"

"मी तिथेच होतो. प्रत्येक वेळी."

तेवढ्यात डिटेक्टर बोलला. नो डिफेक्ट्स, आणि आकडा. गाडी आली, लांबलचक मालगाडी. तिनं डबे मोजले नाहीत. गाडी जाईपर्यंत दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून, डोळे मिटून ती माझ्या कोटात तोंड खुपसून बसली होती. तीन वर्षांची असताना बसायची तशी. मंदारनं काढलेली ती भीती मी पाच मिनिटांत तिला परत दिली. ह्याहून बरा दुसरा मार्ग होता का, हे मी तेव्हापासून रोज शोधतोय. मला सापडलेला नाही.

त्या दिवसानंतर तिनं खोकी रिकामी केली नाहीत. स्कॅनर तिला बरोबर हवा होता, पण मी चौकशी केली तर असला वायरलेस संच तिकडे न्यायला परवान्याच्या भानगडी आहेत असं कळलं, आणि नेला तरी नागपुरात त्यावर हा डिटेक्टर थोडाच ऐकू येणार. विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत शिरायच्या आधी तिनं तो स्वतः माझ्या हातात दिला. "चार्ज करत जा," म्हणाली.

तो आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मी चार्ज करतो. आमचं घर रुळांपासून लांब, खरखर जास्त येते, पण डिटेक्टरचा आवाज तेवढा स्वच्छ असतो. दिवसभरात जेवढ्या गाड्या जातात तेवढ्या वेळा तो सांगतो की डिफेक्ट नाही. मीनल म्हणते, बंद कर, नाहीतर मला वेड लागेल. मी आवाज कमी करतो. बंद करायला हात होत नाही...

रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, ईराचा व्हिडिओ कॉल येतो. नवीन शाळा, आजीची मांजर, आता मराठी जरा सफाईनं बोलते. बापाविषयी ती अवाक्षर काढत नाही. पण फोन ठेवायच्या आधी, आजीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं स्क्रीनजवळ येऊन एक प्रश्न विचारते, दर वेळी तोच. "काका, साइडिंगवर कुणी आहे?"

मी न बघता उत्तर देणाऱ्यातला नाही. म्हणून कॉलच्या आधी स्टेशनावर जातो, प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालतो, साइडिंग दिसतं तिथे उभा राहतो. मीच तिला सांगितलंय की कुणी येणार नाही, आणि ते खरं आहे. तरीही ते टोक जवळ आलं की माझी पावलं भराभर पडायला लागतात. मग रूळ दिसतात. मी साइडिंगची ही बाजू बघतो, पादचारी पुलावरून पलीकडे जातो, ती बाजू बघतो, आणि घरी येऊन तिला सांगतो, "नाही, बाळा. रिकामं आहे."