शुक्रवारी पडणारं नेट

उरणजवळच्या करंजा बंदरावरच्या भामाबाईंची मुलगी कोमल पनवेलला एका लहानशा इंटरनेट कंपनीत इंजिनिअर आहे. शिकली, शहरात आली, पण कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळ आली की ती अजून बंदरावरच उभी असते. आई लिलावात मासळी घेऊन बाजारात विकते. "ताजी हाय बोलल्यानं ताजी व्हते काय? कल्ला उचलून बग, आत लाल हाय काय," हे आईचं बोलणं पोरीच्या अंगात असं भिनलंय की भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा कल्ला ती उचलते. लग्नासाठी बघायला आलेल्या एका मुलाकडे तिने ऑफिसचं ओळखपत्र मागितलं होतं. तो परत फिरकला नाही. त्यावरही बाईसाहेबांचं म्हणणं, बघा, काहीतरी लपवत असणारच.

कंपनी शैलेशशेठची. कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले, उरणची काही ऑफिसं आणि पनवेलमधल्या सोसायट्या हे त्यांचे ग्राहक. ऑफिसात जाणती माणसं दोनच. तक्रारींचा फोन मुआजकडे आणि राउटर कोमलकडे.

आता राउटरचं काम थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. कंपनीचा राउटर वरच्या मोठ्या कंपन्यांच्या राउटरशी सतत बोलत असतो. कोणत्या पत्त्याला कोणत्या वाटेने जायचं, ते त्या बोलण्यात ठरतं. या बोलण्याला सेशन म्हणतात. वाटा बदलायच्या असल्या तर बोलणं चालू ठेवूनच विचारता येतं की बाबा, पुन्हा एकदा सगळं सांग. याला म्हणायचं सॉफ्ट रिसेट. दुसरा प्रकार आडदांड. बोलणंच तोडायचं आणि पहिल्यापासून नमस्कार-चमत्कार सुरू करायचे. तेवढ्या वेळात सगळ्या गावाचं नेट झोपतं.

आणि गेले काही शुक्रवार दुपारी नेमकं हेच होत होतं. सगळी सेशन एकदम तुटायची, थोड्या वेळाने आपली आपण जुळायची. ग्राहक चिडले होते. कोमलने राउटरची नोंद पाहिली तर सेशन तोडायची कमांड आतूनच कोणीतरी दिलेली. कोणी? तर अ‍ॅडमिन. शेठ, मुआज आणि कोमल, तिघांचं राउटरवरचं नाव अ‍ॅडमिन आणि पासवर्डही एकच. वेगवेगळी नावं करायचा कंटाळा.

कोमलच्या मते इथेच पाणी मुरत होतं. शुक्रवारी दुपारी ऑफिसात नसतो कोण? मुआज. तो नमाजला जातो आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून जातो, कोणीही येऊन बघावा असा. एवढा मोकळेपणा कोण दाखवतो? ज्याला काही लपवायचं असतं तो. जाताना काहीतरी लावून जात असेल, म्हणजे नेट पडतं तेव्हा हा मशिदीत, नामानिराळा. त्यात एकदा जिन्यावर तो हळू आवाजात फोनवर बोलताना तिने ऐकला, "अभी किसी को मत बताना." झालं. कळंबोलीच्या दुसऱ्या कंपनीने याला फोडलाय, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं. शेठ काही स्वतःच्या कंपनीचं नेट पाडणार नाहीत, मग उरलं कोण?

हाच मुआज, जो तिला ताप आला तेव्हा तिची कामं न सांगता करून मोकळा झाला होता. ते तिला आठवलं, नाही असं नाही. पण गोड बोलून शिळं गळ्यात मारणारेही तिने लहानपणापासून पाहिले होते.

गुरुवारी तिने शेठला सांगून टाकलं. शेठचा चेहरा पडला. मग म्हणाले, "उद्या नमाजहून आला की सांगतो त्याला, सोमवारपासून येऊ नकोस. तू समोर बस."

शुक्रवारी ती शेठच्या केबिनमध्ये बसली. तेवढ्यात शेठचा फोन वाजला. उरणचा ग्राहक, नेट हळू चालतंय म्हणत होता. नमाजला जाताना मुआज कामाचा फोन शेठच्या नंबरवर वळवून जायचा. हे कोमलला माहीत होतं, पण त्यात बघण्यासारखं काय आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"दोन मिनिटं द्या साहेब, आत्ता करतो," म्हणत शेठने आपला लॅपटॉप ओढला, एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. काचेबाहेरच्या पडद्यावर प्रत्येक सेशनचा एक हिरवा दिवा असायचा, ते सगळे लाल झाले.

"बघ," शेठ म्हणाले, "पुन्हा पाडलं त्याने. पण मी वेळेवर केलंय, आता येईल."

कोमल उठून त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. ओळ तिचीच होती. चुलतबहिणीच्या हळदीला करंजाला गेली होती तेव्हा अडल्या वेळेला तिनेच शेठना फोनवर सांगितलेली. फक्त शेवटचा सॉफ्ट हा शब्द नव्हता.

"शेठ, सॉफ्ट का नाही टाकलंत?"

"अगं, तो टाकला की काही झाल्यासारखंच वाटत नाही. हे कसं, सगळं बंद होतं, मग चालू होतं. काम केल्यासारखं वाटतं."

क्षणभर तिच्या मनात आलं, गप्प बसावं. मालकाला चूक कशाला दाखवायची, मुआज जाईल आणि विषय मिटेल. मग तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान तापले. तिने सगळं सांगितलं. आधी शेठना पटेना. दिवे हिरवे झाल्यावर तिने सॉफ्टची ओळ चालवून दाखवली, एकही दिवा लाल झाला नाही. मग शेठ डोक्याला हात लावून हसत सुटले.

मुआज आला तो पेढ्यांचा डबा घेऊन. शाजिया नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, घरच्यांचा होकार येईपर्यंत कोणाला सांगायचं नव्हतं म्हणे. आणि शेठच्या जिभेला काही हाड नाही. "अरे, वाचलास लेका. कोमलला वाटलं तूच नेट पाडतोस. आज काढणारच होतो तुला."

मुआजने कोमलकडे पाहिलं. "खरंच वाटलं तुला?"

"हो," ती म्हणाली. "चुकलं माझं. माफ कर."

"जाऊ दे," तो म्हणाला आणि डबा तिच्यापुढे धरला. पेढा तिने घेतला आणि न खाताच कागदात गुंडाळून ठेवला.

त्याच संध्याकाळी तिने तिघांची नावं वेगळी केली. शेठच्या नावाला नुसतं बघायची मुभा ठेवली. शुक्रवारी नेट पडणं थांबलं.

पुढच्या शुक्रवारी मुआज नमाजला निघाला. तिच्याशी नेहमीसारखं दोन शब्द बोलला. मग त्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं, पुन्हा उघडून तो पासवर्ड मागतोय ना ते नीट बघितलं, आणि मग गेला.