न मोडलेली अंगठी

माझ्या आतेभावाने आयुष्यात कोणतीही वस्तू एकदाच वापरून टाकलेली नाही, आणि टाकणाऱ्यांविषयी त्याचं मत छापण्याजोगं नाही. तो माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो चांगल्या हुद्द्यावर होता, तरी बाद झालेल्या सीडी बाल्कनीत दोऱ्याने टांगून कबुतरं हाकलायचा. त्यासाठी मिठाईच्या पुड्यांचे दोरे सोडवून खिशात ठेवायची त्याची सवय आजही सुटलेली नाही. कंपनीने लॅपटॉपसाठी दिलेली बॅग रविवारी मार्केट यार्डात कांदे आणायला जायची आणि सोमवारी पुन्हा कामावर रुजू व्हायची. एकदा परदेशी पाहुण्यांसमोर लॅपटॉपच्या मागोमाग कांद्याची टरफलंही बाहेर पडली, तेव्हा याने ती शांतपणे गोळा करून पुन्हा बॅगेत भरली. ‘झाडांना घालता येतात,’ एवढाच खुलासा केला. प्रोग्रॅम लिहितानाही हाच बाणा. बँकेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्याने थोडाफार बदलून एका इस्पितळाला दिला होता. पहिला रुग्ण खडखडीत बरा होऊन घरी निघाला, तर पडद्यावर ‘आपले खाते बंद करण्यात आले आहे’ अशी अक्षरं झळकली. रुग्णाच्या बायकोने तिथेच हंबरडा फोडला म्हणतात. दादाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ‘इस्पितळापुरतं बंदच झालं होतं की,’ असं तो आजही म्हणतो.

त्याचं लग्न पहिल्यांदा ठरलं ते ऑफिसातल्याच एका मुलीशी. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर झोपणार अशी तेव्हा हवा होती, आणि त्यांना जागं ठेवायला पुण्यातली पोरं विमानं भरभरून अमेरिकेला चालली होती. तीही गेली, तीन महिन्यांसाठी. इकडे दादाने लक्ष्मी रोडच्या सोनाराकडून तिच्या मापाची अंगठी घडवून घेतली. बारीक वेलबुट्टी आणि मधे एक लाल खडा. ती परतली की साखरपुडा करायचा होता. ती परतली नाही, तिचा फोन आला. तिकडेच राहायचं आणि तिकडच्याच एकाशी लग्न करायचं, असं तिने ठरवलं होतं. दादा फोनवर ‘बरं’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या तिच्या टेबलावरची कुंडी घरी घेऊन आला, कारण तिला पाणी घालणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. आत्या म्हणाली, ‘ती अंगठी मोडून टाक बाबा, डोळ्यांसमोर नको.’ त्यावर दादा म्हणाला, ‘लग्न मोडलं तेवढं पुरे. अंगठीने काय घोडं मारलंय? तिला कशाला मोडायची?’ आणि हरवू नये म्हणून त्याने ती स्वतःच्या करंगळीत घातली.

ती तिथेच राहिली. हिंजवडीच्या वाटेवर कंपनीची बस तासन्‌तास तुंबायची आणि दादा खिडकीशी बसून अंगठ्याने ती अंगठी गोल गोल फिरवत राहायचा. पुढे कँटीनच्या जेवणाने तो अंगाने भरला, बोटंही भरली, आणि अंगठी फिरेनाशी झाली. त्याच्या काटकसरीचा कळस म्हणून आम्ही तिची यथेच्छ चेष्टा करायचो. मला मात्र ती नुसती काटकसर वाटायची नाही, आणि विचारायचा धीरही व्हायचा नाही. आलेली स्थळं त्या अंगठीवर अडू लागली. ‘मुलगा छान आहे, पण त्याचा आधीच साखरपुडा झालेला दिसतोय,’ असा एका मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला. आपल्यामागे हा कुंडीला पाणी घालत एकटाच राहणार, या धास्तीने आत्याची झोप उडाली.

मग सदाशिव पेठेतलं एक स्थळ आलं. मुलगी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायची. आत्याने मलाही सोबत नेलं. पोहे झाले, चहा आला, आणि मुलीने दादाच्या हाताकडे पाहिलं.

‘अंगठी बायकी दिसतेय,’ ती म्हणाली.

‘मंगळासाठी घातलीय हो,’ आत्या घाईघाईने म्हणाली. लग्नाच्या बैठकीत आपण भलत्याच ग्रहाचं नाव घेतलं हे लक्षात येऊन तिचा चेहरा पडला.

‘मंगळबिंगळ काही नाही,’ दादा म्हणाला. ‘एका मुलीसाठी केली होती. तिने लग्न मोडलं.’

‘मग अजून बोटात का? आठवण म्हणून, की सोनं वाया जाऊ नये म्हणून?’

दादाने प्रामाणिकपणे विचार केला. ‘आधी काढवत नव्हती,’ तो म्हणाला. ‘आता निघत नाही.’

मी चहाच्या कपात तोंड खुपसलं. हेही स्थळ गेलं, असं आत्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मुलगी उठली, आतून शिवणाचा डबा घेऊन आली आणि दादासमोर बसून म्हणाली, ‘द्या हात इकडे.’ तिने दोऱ्याचं टोक अंगठीखालून ओवलं, उरलेला दोरा पेरापर्यंत घट्ट गुंडाळला आणि ते टोक धरून हलके हलके उलगडत गेली. अंगठी पुढे पुढे सरकत तिच्या तळहातावर आली. दादाच्या करंगळीवर पांढरा वळ उरला होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते बोट दुखल्यामुळे नव्हतं, एवढं मला कळत होतं.

‘हिचं आता काय करणार?’ तिने विचारलं.

‘चांगली आहे. तुम्हाला चालत असेल तर तुमच्यासाठी,’ दादा म्हणाला. आत्याने डोळे मिटून घेतले.

तिने अंगठी बोटात घालून पाहिली. ‘सैल होतेय. दोरा गुंडाळून घेईन,’ म्हणाली, आणि खाली पडलेला तोच दोरा उचलून तिने अंगठीच्या आतल्या बाजूला गुंडाळला. ‘नवीन दोरा नाही घेतला रे तिने,’ घरी येताना दादा रिक्षात मला पुन्हा पुन्हा सांगत होता. साखरपुड्यात तीच अंगठी होती आणि ती माझी वहिनी झाली.

तिला आता त्या अंगठीत दोरा लागत नाही. गेल्या महिन्यात वहिनीचं ऑपरेशन झालं, आणि ते किरकोळ नव्हतं. नर्सने दागिने उतरवायला सांगितले. तिने अंगठी ओढून काढली आणि दादाच्या हातात दिली. हरवू नये म्हणून त्याने ती करंगळीत रेटली. बाहेरच्या बाकावर मी त्याच्या शेजारी बसलो होतो. अंगठी फिरत नव्हती, तरी त्याचा अंगठा तिच्यावरून फिरत राहिला. आयुष्यभर मी या माणसाला हसत आलो, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी वहिनीला बाहेर आणलं. अर्धवट गुंगीत तिने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं.

‘अडकली ना पुन्हा?’ ती पुटपुटली.

‘निघत नाहीये.’

‘असू दे. घरी आले की मी काढते.’

दादाच्या खिशात दोरा नेहमीच असतो. त्याने तो बाहेर काढला नाही.