डब म्हणजे डबिंग नाही

संगीतातलं मला फारसं कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलं की प्रत्येक वाक्याची भीती वाटते. तरी मारोतीभाऊंबद्दल लिहितो आहे. चुकलो तर माफ करा.

मारोतीभाऊ वडशाला आमच्या शेजारी राहत. हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवत. तालमीत त्यांचं बोट ठोक्यावर पडतच नसे, दोन ठोक्यांच्या मधे पडे. दिग्दर्शक ओरडायचा, "मारोती, कुठी हरवला बे?" भाऊ हसून म्हणत, "मी इथीच आहो. तुमीच समोर निघून गेले."

मोबाइलच्या दुकानातून गाणी भरून आणलेल्या चिपमध्ये त्यांना कधीतरी रेगे सापडलं होतं, दोन ठोक्यांच्या मधे वाजणारं जमैकाचं संगीत. मग एका पावसाळ्यात, नाटकं बंद असताना, त्यांनी घरीच अल्बम केला. नाव 'उसंत'. पाच गाणी रेगे आणि तीच पाच पुन्हा डब. म्हणजे गाणं काढून टाकायचं, ढोल आणि खालचा जाड सूर ठेवायचा, मधेच एखादा शब्द घुमवून सोडून द्यायचा. "सारेच वाजवून राह्यले बाबू," ते म्हणत, "थांबाले हिंमत लागते."

पानठेल्यावर त्यांनी सांगितलं, "माहा डब अल्बम आला."

"साउथचा काय? हिरो कोन आहे?"

"डबिंग नाई रे, डब!"

दुसऱ्या दिवसापासून लोक हाक मारू लागले, "काय डबिंगवाले, जेवले का?" अल्बम कोणी ऐकला नाही.

एका दुपारी त्यांनी मला तो पूर्ण ऐकवला. संपल्यावर म्हणाले, "तुमच्या कॉलेजचं पुस्तक निंघते नं? त्यात लिही. मले मोठा नको म्हनू. डब म्हन्जे काय, तेवढंच बरोबर लिही."

"लिहितो भाऊ," मी म्हणालो.

त्यानंतर दोन अंक निघाले. दोन्हींत मी सरांना आवडतील असे निबंध दिले. सुटीत घरी आलो आणि भाऊ समोरून दिसले की सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचो.

गेल्या महिन्यात चंद्रपूरला होस्टेलवर आईचा फोन आला. भाऊंना जाऊन आठ दिवस झाले होते. "तुहा पेपर होता, म्हनून सांगतलं नाई," ती म्हणाली. नाटक मंडळाने चौकात श्रद्धांजलीचा फलक लावला होता, त्याचा फोटो तिने पाठवला. भाऊंच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सुप्रसिद्ध डबिंग कलाकार'.