आठ दिवसांचा व्हॉल्व्ह

नामदेव म्हात्रे गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्याच्या कचेरीत तपासणी-शिबिरांच्या तारखा लावत बसलो होतो. विचुंब्याहून त्याचा पुतण्या आला होता. काका लॉरीखालून बाहेर आले, हात पुसले, बाकड्यावर बसले आणि तिथेच कलंडले, एवढंच तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आता ती गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच उरलो... दीड महिना झाला, तो विचार जात नाही. म्हणून लिहितो आहे.

पनवेलच्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. त्याचं घर मिठागरांवर राबणाऱ्यांचं. लढाईच्या काळात तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये शिकला आणि परत येऊन त्याने पुणे रस्त्यावर गॅरेज टाकलं. घाई करणाऱ्या लॉरीवाल्याला तो 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' म्हणून तासभर जास्तच बसवून ठेवी. आमच्या धर्मादाय दवाखान्याला परदेशातून क्ष-किरणांची मोठी गाडी देणगी आली, तेव्हा बाकीच्या मिस्त्रींनी हात टेकले. तिच्या खाली लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या, हवेच्या रबरी पिशव्या होत्या. वजन कमीजास्त झालं की व्हॉल्व्ह आपोआप हवा भरत नाहीतर सोडत आणि गाडी समतल ठेवत, म्हणजे आतल्या यंत्राला धक्का बसत नसे. नामदेव दोन दिवस तिच्याखाली आडवा होता. चाकं चार कोपऱ्यांना आणि व्हॉल्व्ह तीनच, म्हणून मला वाटलं देणाऱ्यांनी एक कमी दिला. खालून त्याने विचारलं, "चुलीला दगड किती असतात, अण्णा?" तीन टेकूंवर काही डुगडुगत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दोन वर्षांनी मागचा एक व्हॉल्व्ह गेला आणि गाडी एका अंगाला कलली. तसाच नवा यायचा तर बोटीने, कित्येक महिन्यांनी. नामदेव मुंबईच्या जुन्या बाजारात दिवसभर हिंडून दोन व्हॉल्व्ह घेऊन आला आणि त्याने ते टेबलावर हवेला जोडून मला दाखवले. एक चकचकीत होता. दांडी उचलली की लगेच फुस्स. दुसरा जुना, तेल गळणारा. दांडी उचलली तरी काही क्षण ढिम्म, मग सावकाश हवा पुढे सोडणार. मी म्हटलं, हा आळशी दिसतो. नामदेवला ते आवडलं नाही. म्हणाला, "आळशी नाय, शाना हाय तो. खड्डा आला नि गेला तरी गप बसतो. वजन खरंच वाढलं तवाच हवा भरतो. दुसरा खड्ड्याखड्ड्याला हवा खाईल. नि ब्रेकची हवा पन त्याच टाकीतली हाय." जुन्याचं रबर बदलून, आतलं तेल भरून तो नीट करायला त्याने आठ दिवस मागितले.

माझ्याकडे आठ दिवस नव्हते. उरणजवळच्या मिठागरांवरचं शिबिर आधीच दोनदा पुढे ढकललं होतं. तिथली माणसं क्षयाने रक्त ओकत होती हे खरं, पण विश्वस्तांपुढे तिसऱ्यांदा मान खाली घालायची मला लाज वाटत होती, हेही तितकंच खरं. मी त्याला म्हणालो, तुझीच माणसं खोकून मरताहेत आणि तू हवेचा हिशेब करतोस? त्याने जुना व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. मग त्याने चकचकीत व्हॉल्व्ह बसवला. दत्तू ड्रायव्हरला त्याने बजावलं, सावकाश जा, हवेच्या काट्यावर नजर ठेव. मी शेजारी उभा राहून उशीर होतोय म्हणत होतो.

खाडीच्या बांधाकडे उतरताना गाडी थांबलीच नाही. खड्ड्यांच्या रस्त्याने टाकी रिकामी केली होती, ब्रेकला हवा उरली नव्हती. दत्तूने गाडी तपासणीला उभ्या माणसांच्या रांगेपासून दूर वळवली आणि बांधाखाली घातली. मेला तो एकटाच.

चौकशी समितीने विचारलं, हा व्हॉल्व्ह कोणी निवडला? नामदेव म्हणाला, "मी." इतिवृत्त लिहायला मीच बसलो होतो. 'व्हॉल्व्ह मेकॅनिकने निवडला' असं मी वळणदार अक्षरात लिहिलं आणि मूग गिळून बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्याचं काम त्याच्याकडून गेलं, गॅरेजला येणाऱ्या बऱ्याच लॉऱ्याही गेल्या. अपघातानंतर बरोबर आठव्या दिवशी तो कचेरीत आला, दुरुस्त केलेला जुना व्हॉल्व्ह माझ्या टेबलावर ठेवला आणि "झाला," म्हणून निघून गेला. त्यानंतर आम्ही बाजारात भेटलो, बोललोही, पण पावसापाण्याचंच. मी त्याची माफी मागितली नाही. उद्या मागू, असं म्हणत सहा वर्षं काढली. एरवी घाईचा माणूस मी...

त्याच्या तेराव्यानंतर मी उरणकडे गेलो, दत्तूच्या बायकोला सगळं सांगायला. वरातीमागून घोडं, दुसरं काय. ती पडवीत जाळं विणत होती. मी बोलत होतो तोवर तिचे हात चालू होते. मग थांबले.

"नामदेवदादानं पयल्याच म्हयन्यात येऊन सांगितलं व्हतं, माज्या हातानं झालं म्हनून," ती म्हणाली. "तुमचं नाव नाय घेतलं."

तिने वर छपराकडे पाहिलं.

"दरसाल पावसाआधी येऊन घर शाकारून द्यायचा. दिसभर उन्हात वर बसायचा. सहा वर्सं. मी त्याला कवा पानी पन नाय इचारलं."

माझ्यापुढे तिने आल्याआल्याच पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी तो अर्धा प्यायलो होतो.