मोनोचं बटण

माझे मामा कुठेही गेले तरी डाव्या टोकाची खुर्ची धरतात. जेवणाच्या टेबलावर, हॉटेलात, बागेतल्या बाकावरसुद्धा. लहानपणापासून मी या हट्टाची टिंगल करत आलो. ‘मामा आले, डावीकडची खुर्ची रिकामी करा!’ असं मी ओरडायचो आणि सगळे हसायचे, मामाही हसायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात मी काही बरा दिसत नाही.

मामा पत्र्याच्या कारखान्यात होते. पत्र्यातून डब्यांची झाकणं कापणारं प्रेसचं एक धूड त्यांच्या डाव्या हाताला, आणि मामा एकतीस वर्षं त्याच जागेवर. मशीन बिघडलं की त्याच्या अंगावर तळवा ठेवायचे आणि कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचे. बोलणं मोजकं. समोरचा बोलू लागला की मान किंचित वळवून, हनुवटी खाली घेऊन ऐकायचे. आम्हाला वाटायचं, मामा शब्दाशब्दाचा केवढा विचार करतात! ‘नाही’ म्हणणं त्यांना जमतच नाही. एखादी गोष्ट पटली नाही तर ‘असेल’ म्हणतात, बस.

आणि मी कोण? घरातला कानसेन. हे नाव बहुधा मीच पसरवलं असावं. नोकरी नकाशे काढायच्या कचेरीत, पण माझा खरा जीव स्पीकर, वायरी आणि त्यांवर इतरांना अक्कल शिकवण्यात.

मामा निवृत्त झाले तेव्हा परगावच्या मुलीनं त्यांना स्ट्रीमर पाठवला. तळहाताएवढी काळी डबी. इंटरनेटवरची गाणी वाजवते आणि आपण साठवलेलीही. पण स्पीकर हलवायचा दम या डबीत नसतो, त्यासाठी मध्ये ॲम्प्लिफायर लागतो. मामांची खोली लहान, तेव्हा तोही छोटासाच हवा होता. मामांना खरं तर एकच ऐकायचं होतं: माझ्या आईचं गाणं. माझी आई म्हणजे त्यांची ताई. तरुणपणी तिनं एका स्टुडिओत चार गाणी म्हटली होती. ती टेप मी जपून संगणकावर उतरवून घेतली होती. आईला जाऊन सहा वर्षं झालीत.

‘ताईचं नीट ऐकू आलं म्हणजे झालं,’ मामा म्हणाले. ‘बाकी तुला कळतं.’

बाकी तुला कळतं! एवढंच हवं होतं मला. तीन आठवडे मी मामांचं सोडून जगातल्या सगळ्यांचं मत घेतलं. शेवटी दोन ॲम्प्लिफायर उरले आणि एका शनिवारी सकाळी मी मामांना घेऊन दुकानात गेलो.

एक होता चपटा, रुपेरी, पुढे फक्त एक गोल चकती. दुसरा जरा जाडा, जुन्या वळणाचा, चार बटणांचा. दुकानदारानं आम्हाला कोचावर बसवलं. मामा सवयीनं डाव्या टोकाला बसले. मी त्यांना दंडाला धरून मधोमध ओढलं. ‘मामा, स्टिरिओ मध्यावर बसूनच ऐकायचा असतो. इथे तरी हट्ट नको.’ मामा मध्ये सरकले. दोन्ही वाजवून झाले. मग ते उठले, जाड्यापाशी गेले आणि एका बटणावर बोट ठेवलं.

‘हे कशासाठी?’

‘मोनोचं आहे,’ दुकानदार म्हणाला. ‘दोन्ही बाजूंचा आवाज एक करून दोन्ही स्पीकरमधून...’

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. ‘ते एका कानाच्या माणसांसाठी, मामा! आपल्याला देवानं दोन दिलेत.’ दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. तीही हसली. मामा हसले. मी म्हटलं, ‘बटणं जितकी कमी तितका आवाज स्वच्छ. चपटाच घेऊ.’

‘असेल,’ मामा म्हणाले.

त्याच दुपारी मी सगळं जोडून दिलं. त्या काळच्या रेकॉर्डिंगची तऱ्हा अशी की गाणारा एका बाजूला आणि वाद्य दुसऱ्या बाजूला. आई डाव्या स्पीकरमधून, व्हायोलिन उजव्यातून. मामांना मध्यावर बसवून मी गाणं लावलं. ते मान वळवून ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, ‘व्हायोलिन छान आहे. ताई मात्र शेजारच्या घरात गातेय असं वाटतं.’

हे ऐकून मी काय केलं असेल? टाळी वाजवली. ‘वा! याला म्हणतात खोली, मामा! आवाजाला खोली मिळाली की असंच वाटतं. निवड अचूक झाली!’ मामी दारात उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

महिन्याभरानं गेलो तर दोन्ही स्पीकर एकावर एक रचून खुर्चीच्या उजव्या अंगाला ठेवलेले. माझं डोकंच फिरलं. ‘हे काय करून ठेवलंत? तीन आठवडे जिवाचं रान केलं मी, ते या उतरंडीसाठी?’ शेजारचे मास्तर चहाला आले होते, त्यांच्यादेखत बोललो मी हे. मामा गोरेमोरे होऊन म्हणाले, ‘झाडताना हलवले असतील.’ पुढच्या रविवारी मी ड्रिल घेऊन आलो आणि दोन्ही स्पीकर दोन टोकांना भिंतीत पक्के ठोकून टाकले. आता कोण हलवतं बघू, असंही म्हणालो. मामांनी मला स्टूल धरून ठेवलं होतं.

त्यानंतर सात महिने मी माझ्याच कौतुकात होतो. मग एका दुपारी त्या बाजूला काम निघालं, म्हणून न कळवता गेलो. मामींनी दार उघडलं आणि त्या स्वयंपाकघरात वळल्या. आतून आईचा आवाज येत होता. मामांनी खुर्ची उचलून डाव्या स्पीकरखाली नेली होती आणि तोंड भिंतीकडे करून, उजवा कान वर स्पीकरकडे करून बसले होते. डोळे मिटलेले. शाळेत शिक्षा झालेलं मूल बसतं तसे.

‘भिंतीशी बोलताय का, मामा?’ मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मामा तसेच.

‘त्या बाजूनं काय ओरडतोस?’ मामी आतून म्हणाल्या. ‘इकडून ये, उजवीकडून. तो कान कारखान्यानं कधीच खाल्ला.’

मामी हात पुसत बाहेर आल्या, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाजच खाली आला. ‘तुला माहीत नव्हतं? अरे, तुझी आई जन्मभर त्यांच्या उजवीकडे बसायची. मी सांगणार होते, पण हे म्हणाले, पोरानं एवढी धावपळ केली, त्याला वाईट वाटेल.’

डावीकडची खुर्ची, वाकडी मान, स्पीकरची उतरंड, शेजारचं घर. सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं की इतकी वर्षं! आणि मी कानसेन! मला माझीच शिसारी आली. मामांनी डोळे उघडून मला पाहिलं तेव्हा ते चोरी पकडली गेल्यासारखे उठले आणि खुर्ची मध्यावर सरकवू लागले. मी काहीतरी कामाचं निमित्त सांगून पळ काढला.

थेट दुकानात गेलो. जाडा शिल्लक होता. दुकानदार तो पुसता पुसता म्हणाला, ‘तुमचे मामा आले होते की हा बघायला. तुम्ही चपटा नेलात त्याच आठवड्यात. एकटेच. हे बटण दाबून अर्धा तास ऐकत बसले. मी म्हटलं, बदलून देतो. तर म्हणाले, नको, भाच्यानं फार मन लावून निवडलाय.’

डबा काखेत मारून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपटा काढून जाडा जोडला. मी त्यांची खुर्ची मध्यावर ठेवली, गाणं लावलं आणि बटण दाबलं. मामांची मान वळायला निघाली आणि मध्येच थांबली. उजव्या स्पीकरमधूनही आई गात होती. ते हललेसुद्धा नाहीत. कडवं संपल्यावर मामींना हाक मारून म्हणाले, ‘ऐकलंस का? ताई घरात आली.’ मग माझ्याकडे वळले. ‘कान आहे बुवा तुला. शेवटी बरोब्बर शोधून काढलास.’

मास्तर डोकावले, तर त्यांनाही तेच. ‘भाच्यानं निवडलाय. त्याला यातलं फार कळतं.’ मास्तरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि ते गेले. खाली मान घालण्यापलीकडे मी काहीच केलं नाही.

पुढचं गाणं सुरू झालं. मी मामांच्या शेजारी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, ‘मामा, निवडला तुम्हीच होतात. त्या दिवशी चारचौघांत मी तुमचं हसं केलं. माझं फार चुकलं.’ मामा आईच्या तालावर गुडघ्यावर बोटं वाजवत राहिले. मी त्यांच्या डावीकडे बसलो होतो. चुकून नाही, आता मला माहीत होतं. तरी मी तीच बाजू धरली होती.

मामी दारातून बघत होत्या. त्यांनी येऊन गाणं थांबवलं.

‘आता ऊठ,’ त्या म्हणाल्या, ‘आणि इकडून सांग.’

मी स्टूल उचललं आणि मामांच्या उजवीकडे गेलो.