विझवलेला हेंडगा

देवणीच्या रस्त्यावरून उजवीकडे वळून घाट चढला की माळावर शिरसमाळ लागतं. घरं थोडी, जमीन मुरमाड, वारा मात्र बारा महिने. गुणाबाई मांजरेकाठच्या काळ्या रानातून इथं सून म्हणून आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचं लुगडं दोरीवरून उडून बाभळीत जाऊन बसलं. सासू हसून म्हणाली, "पोरी, हितं वाऱ्याला इचारल्याबिगर काईच करायचं न्हाई."

पुढच्याच वर्षी वरच्या कुरणाला आग लागली. कुणाच्या तरी विडीचं थोटूक. पावसाळ्यापर्यंत गावची गुरं ज्या गवतावर जगायची, ते सगळं एका दुपारीत काळं झालं. त्या उन्हाळ्यात दावणी रिकाम्या झाल्या. गुणाबाईच्या गोठ्यातली काळ्या तोंडाची पांढरी कालवडही उदगीरच्या बाजाराला गेली. तिचं हंबरणं घाटाच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. त्यानंतर गुणाबाईला एक सवयच लागली. अंगणात आली की पदराचं टोक कुठं उडतंय ते आधी बघायची.

यंदाच्या येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, तिचा पदर सकाळपासून कुरणाकडे उडत होता.

येळवसेला गावात कुणी राहत नाही. घरांना कड्या घालून सगळे रानात जातात. गुणाबाईच्या शेतातही कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहिली, चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव तिच्यात बसले, पिकावर आंबील शिंपडून झाली. लातूरहून मुलगा बालाजी आणि सून उज्वला आले होते. उज्वलेला सातवा महिना होता. आधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे तिला उठता-बसता सगळे जपत. भज्जी, उंडे, भाकरी खाऊन माणसं सुस्तावली. दिवस कलायला लागला तशी गुणाबाई मात्र पुन्हा पुन्हा पदराचं टोक बघत राहिली.

कारण आता हेंडगा फिरायचा होता. वाळल्या गवताचा मोठा पेंढा पेटवून तो हातात धरायचा आणि शेताच्या चारी बांधांवरून पळत एक फेरी पुरी करायची. पळणाऱ्यानं थांबायचं नाही, मागं बघायचं नाही. फेरी अर्ध्यात मोडली तर त्या घरावर वर्षभर काही ना काही येतं, असं गाव मानायचं. गुणाबाईही मानायची.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "वारं वर चाललंय. आवंदा निसता कोपीपाशी ओवाळून ठिवला तर?"

रामकिशन पेंढा बांधत होता. पावसाळ्यात लातूरच्या डॉक्टरानं त्याच्या काळजाच्या नळीत जाळी बसवली होती आणि पळायचं नाव काढू नका म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून त्याच्या साध्या बोलण्यालाही धार यायची.

"माझ्या आज्यापास्नं फिरतोय. वारं काय आजच सुटलंय व्हय?"

"लई हाय आज. बांधावरचं गवत बघा की, कसं वाळून खडंग झालंय."

"मग काय करू? सुनेचं असं हाय, अन् हेंडगा चुकवू?"

सुनेचं नाव निघालं तशी गुणाबाई उठून उष्टी ताटं गोळा करायला लागली.

पेंढा बालाजीच्या हातात आला. तो पहिल्यांदाच पळणार होता. "बाबा, व्हिडिओ काढायलीय उज्वला, जरा हसा की," तो म्हणाला.

"हसायला काय पिच्चर हाय? मागं वळायचं न्हाई. कुणी हाक मारली तरी न्हाई. काय?"

"हाव."

पेंढा पेटला. बालाजी पळाला.

खालच्या बांधावर सगळं ठीक गेलं. ज्वारीच्या हिरव्या पानांवर उजेड लाटेसारखा सरकत होता. तो डावीकडच्या बांधाला वळला, चढणीला लागला, तशा पेंढ्यातून मूठभर ठिणग्या गळून त्याच्या पाठीमागं पडल्या. बालाजी पुढं बघून पळत होता. मागं बांधावरचं गवत एका जागी लाल झालं, मग आणखी एका जागी.

"बालाजीऽ! थांब!" गुणाबाई ओरडली.

"थांबू नकोऽ!" रामकिशन तिच्याहून मोठ्यानं ओरडला.

शेजारच्या रानातून मलप्पा धावत आला आणि पायानं गवत तुडवायला लागला. पण बालाजी थांबला नव्हता. समोर वरचा बांध होता, आणि त्याला लागूनच कुरण. कमरेइतकं, पिवळं, खडखडीत. सगळ्या शिरसमाळच्या दावणी त्याच्याच भरवशावर होत्या.

गुणाबाईनं आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, उचलली. अर्धी भरलेली होती. बांधानं गेली असती तर पोहोचली नसती, म्हणून ती सरळ ज्वारीत घुसली. पोटरीला आलेली ताटं मोडत, आंबील लुगड्यावर सांडत, ती वर चढत राहिली. आज रानाची पूजा केली होती आणि आजच ती ते तुडवत होती. वरच्या बांधावर ती बालाजीच्या आधी दोन पावलं पोहोचली आणि वाटेत उभी राहिली.

"आई, सर! सर की!"

ती सरली नाही. बिंदगी तिनं पेटत्या पेंढ्यावर उपडी केली. आंबटसर वाफेचा लोट उठला. बालाजीच्या हातात काळा, गळका बुडखा राहिला.

खाली मलप्पाच्या पायांची धपधप तेवढी चालू होती.

रामकिशन धापा टाकत वर आला. "काय केलंस गं तू? आंबील वतलीस? देवाची आंबील?"

"सकाळी पिकावर शिंपडली ती चालली. आता आगीवर शिंपडली."

"वर तोंड करून बोलती! फेरी मोडली. आता ह्या घरात..." त्याची नजर खाली कोपीपाशी उभ्या असलेल्या उज्वलेकडे गेली आणि वाक्य तिथंच तुटलं. पुढचं सगळ्यांना कळलं.

मलप्पा एका पायानं अनवाणी वर आला. "गुणाक्का, माझी चप्पल जळाली बघ. येळवस लई महाग पडली मला." त्यानं कुरणाकडे पाहिलं, मग आपल्या रानाकडे. तिथं त्याचा मुलगा सुदर्शन पेंढा घेऊन काडी ओढायच्या बेतात होता. मलप्पानं दोन्ही हात वर केले. "हच्चब्याडऽ! पेटवू नकोऽ!"

"का वो आप्पा?"

"म्हटलं ना, ब्याड!"

पलीकडच्या रानांत मात्र एक-दोन हेंडगे फिरत होते. ती रानं कुरणापासून लांब होती.

उज्वला हळूहळू बांधावर आली. मोबाइल तिनं पदरात गुंडाळला होता. "आत्या," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. आत्ताबी वाटायलंय." गुणाबाईनं तिच्या पोटाकडे पाहायचं टाळलं. "काई झालं तर बोल मला लाव. दुसऱ्या कुणाला लावू नको."

उज्वलेनं पदरातला मोबाइल आणखी घट्ट गुंडाळला.

रामकिशन मान खाली घालून उभा होता. मग त्यानं बालाजीच्या हातातला ओला बुडखा काढून घेतला आणि जिथं फेरी तुटली होती तिथून उरलेल्या बांधावर चालायला लागला. पळत नाही, चालत. आग नसलेला हेंडगा पुढं धरून. अशा फेरीला देव फेरी मानतो का, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार पावलांतच त्याचा श्वास शिटीसारखा वाजला. गुणाबाईला त्याला थांबवावंसं वाटलं, पण आज त्याला दुसऱ्यांदा अडवायची तिची छाती झाली नाही. ती उलट्या दिशेनं, जळक्या बांधाकडे निघाली. दर पावलाला वाकून, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा हाताचा पालथा पंजा मातीला लावून, कुठं धग उरली आहे का ते बघत.